घरात साडेसात किलोवॅटची भट्टी बसवताना

"बिल किती येतं?" मातीची भांडी भाजायची माझी विजेवरची भट्टी बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर खाली दिलंय. पण त्याआधीच्या सव्वा वर्षाबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला तेव्हा नेमकं तेच कुणीतरी सांगायला हवं होतं. पुण्या-मुंबईत स्टुडिओ पॉटरी करणारे एकमेकांना विचारून मोकळे होतात. इथे सोलापुरात मी 'सिरॅमिकचं सामान कुठे मिळेल' म्हणून विचारलं, तर दुकानदाराने बाथरूमच्या टाइल्स दाखवायला सुरुवात केली.

सुरुवात जानेवारी २०२४ ची, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतली. संक्रांतीची सुगडं घ्यायला कुंभार वेशीत गेले होते. आपल्या गावात सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं लग्नच कुंभारकन्येशी लागतं, त्यामुळे त्या आठवड्यात मातीच्या भांड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं. ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं सुगडं घेतो ते मामा चाकावर होते. चाकावर मोठा गोळा, आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक बोळकं वर येतंय, दोऱ्याने कापून बाजूला ठेवलं जातंय. मी दहा मिनिटं उभीच. शेवटी विचारलं, मला शिकवाल का? त्यांनी मान वर न करता विचारलं, "कंबर हाय का ताई?"

कंबर नव्हती. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल दर रविवारी पुण्याला क्लास केला, विजेच्या चाकावर, स्टुलावर बसून. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, रात्री दहाच्या पुढे परत. दहा रविवारांची फी १८,००० रुपये, येण्याजाण्याचे आणि खाण्याचे सहा हजार. पहिले चार रविवार नुसता गोळा चाकाच्या मधोमध आणण्यात गेले. ज्यांना हे सुरू करायचंय त्यांनी आधी क्लासच करावा, आणि क्लासमध्ये चाकापेक्षा भट्टी भरताना-उघडताना हजर राहायची परवानगी मागावी. मी मागितली नाही. पुढे महागात पडलं.

मे महिन्यात ३१,५०० चं चाक घेतलं आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या पोर्चमागची आठ बाय दहाची अडगळीची खोली रिकामी केली. पहिला धडा उन्हाने दिला. क्लासमध्ये शिकवलं होतं, भांडी दोन दिवस सावलीत वाळू द्या. आमच्याकडे मेमध्ये सकाळी केलेल्या वाटीची कड दुपारी जेवून येईपर्यंत पांढरी पडते आणि बूड ओलंच राहतं. कड आकसते, बूड आकसत नाही, आणि बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी भेग जाते. पहिल्या तीस वाट्यांपैकी एकोणीस अशा गेल्या. प्लास्टिकच्या पिशव्या घालून पाहिल्या, आत घाम धरतो आणि कड पुन्हा लिबलिबीत होते. शेवटी उपयोगी पडली ती सासूबाईंच्या लग्नातली जुनी सोलापुरी चादर. भिजवून घट्ट पिळायची, भांड्यांच्या भोवती उभ्या केलेल्या विटांवर टाकायची, भांड्याला टेकू द्यायची नाही. दोन दिवसांनी वाट्या उलट्या करून ठेवायच्या. भेगा पूर्ण थांबल्या नाहीत, पण तिसात तीनवर आल्या.

पाण्याचंही सांगून टाकते. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे काम कसं करणार, असं नवऱ्याने विचारलं होतं. तीन बादल्या. पहिलीत हात आणि अवजारं, दुसरीत विसळणं, तिसरीत स्वच्छ पाणी. रात्रीत माती खाली बसते, वरचं पाणी सकाळी पुन्हा वापरायचं, तळातला गाळ चादरीच्या तुकड्यात टांगून परत मळायला घ्यायचा. मोरीत एक थेंब सोडायचा नाही. मी एकदाच सोडला आणि प्लंबरने ८०० रुपये घेतले.

जूनमध्ये मला स्वावलंबनाचा झटका आला. मंगळवेढ्याला माहेरच्या शेतातून काळ्या मातीची दोन पोती आणली. काळी माती ही बेसाल्टची झीज, तिच्यातल्या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरून ती फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. ज्वारीला उत्तम, वाटीला नाही. दहा सेंटिमीटरची पट्टी करून वाळवली तर ८.६ वर आली, तीही मधे तडकून. मामांना दाखवली. त्यांनी चिमूट तोंडात टाकून दातांखाली चावली, थुंकली, म्हणाले, "गाळ घाला तळ्याचा, अन् राख." तसं केल्यावर पणत्या जमू लागल्या. तोंडात माती टाकून ते काय बघत होते हे मला दिवाळीत कळलं.

आता मुख्य प्रकरण, वीज. भट्टीची चौकशी केली तेव्हा दोन पर्याय समोर आले: सिंगल फेजची लहान, किंवा सोळा बाय सोळा बाय अठरा इंच पोकळीची, साडेसात किलोवॅटची, थ्री फेज. मी दुसरी घेतली. १० जुलै २०२४ ला निम्मे पैसे भरले. किंमत १,३२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५५,७६०. बनवणाऱ्याने सहा आठवडे सांगितले, लागले दहा. पण खरं सांगायचं तर भट्टी वेळेवर आली असती तरी लावायला वीज नव्हती, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

आमचा मंजूर भार होता ३ किलोवॅट, सिंगल फेज. तो १० किलोवॅट थ्री फेज करून हवा होता. ८ जुलैला ऑनलाइन अर्ज केला, १५ तारखेला परत आला. चूक माझीच. बिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झालेली, आणि अर्ज मी नवऱ्याच्या नावाने भरलेला. आधी नाव बदला, मग भार वाढवा. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, मिळकतीचा उतारा, कराची चालू पावती आणि हैदराबादच्या दिरांचं नाहरकत पत्र. ते स्टॅम्पपेपरवर नोटरी करून कुरिअरने आलं. तेव्हा शंभराचा स्टॅम्प चालला, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शंभराचे बंद होऊन पाचशेचा लागायला लागला. नवीन नावाचं बिल ऑगस्टअखेर हातात आलं. तुम्ही भट्टीचा विचार नुसता मनात जरी आणला असेल, तरी आजच बिलावरचं नाव बघून घ्या.

२ सप्टेंबरला पुन्हा अर्ज. ११ ला पाहणी. आलेल्या साहेबांनी विचारलं, "भट्टी म्हणजे? बेकरी?" मी वाटी दाखवली. ती त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि काय बनवता, विकता का, असं सगळं विचारलं. इथे थोडं सावध राहावं लागतं, कारण प्रश्न दराचा असतो. मी अर्ज केला तेव्हाच्या दरपत्रकात अशी सोय होती: राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३,६०० च्या आत असेल, तर घरगुती दर लागतो. हे मला आमच्या वायरमनने सांगितलं, मग मी दरपत्रक उघडून वाचलं. खोटं काही सांगायची गरज पडली नाही. पण त्या तीनशेच्या आकड्याने पुढे माझं सगळं वेळापत्रक ठरवलं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कोटेशन आलं, ९,८५० रुपये, त्याच संध्याकाळी भरले. लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, भट्टीला स्वतंत्र अर्थिंग, असे २१,४०० वेगळे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायचं. आपल्याकडचा मुरूम वाळून ठक्क होतो, अर्थिंग नावापुरतंच उरतं. ४ ऑक्टोबरला थ्री फेज मीटर बसला. बिलातला स्थिर आकार तिपटीहून जास्त झाला, भट्टी लावा अगर न लावा.

भट्टी त्याआधीच, १९ सप्टेंबरला आली होती. २१० किलो, सहा माणसं, आणि गेट दोन इंचांनी अरुंद. गेटचा पल्ला काढावा लागला. टेंपोवाला तोवर वेटिंगचे पैसे मोजत होता. भट्टीचं माप विचारताना आतलं विचारू नका, बाहेरचं विचारा, स्टँडसकट. पंधरा दिवस ती खोलीत नुसती उभी होती. घरच्यांनी तिच्यावर छत्र्या ठेवायला सुरुवात केली.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, झेंडूचा हार घालून पूजा केली आणि हार काढून रिकामी भट्टी १,०५० अंशांपर्यंत नेली. पहिली भाजणी रिकामी करायची असते, म्हणजे तारेच्या कॉइलवर संरक्षक थर धरतो. आतल्या फळ्यांना ॲल्युमिना आणि चायना क्ले समप्रमाणात कालवून तीन हात दिले होते. घरभर जळकट वास, आणि मी दर अर्ध्या तासाला आकडा वहीत लिहितेय. कंट्रोलर सगळं करतो तरी लिहा. पुढे काही बिघडलं की तीच वही उपयोगी पडते.

पहिली खरी भाजणी १९ ऑक्टोबरला. काळ्या मातीच्या साठ पणत्या आणि विकतच्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायच्या) मातीच्या चौदा वाट्या, काही मग. परतीच्या पावसाचे दिवस होते. भांडं वाळलंय की नाही हे गालाला लावून बघायचं. गार लागलं की आत पाणी आहे. मी एका मगच्या कानाला गाल लावला नाही, तो कान आतल्या वाफेने फुटला आणि त्याचे तुकडे तीन वाट्यांत गेले. तेव्हापासून रात्रभर ९० अंशांवर ठेवते आणि मग चढवते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ रूप बदलतं आणि एकदम फुगतं, म्हणून तिथे घाई नाही. ९८० ला थांबवलं. बाकी सगळं सुंदर निघालं. पणत्या लालभडक. गल्लीत वाटल्या, शाळेतल्या मैत्रिणींना दिल्या, फोटो टाकले.

नरक चतुर्दशीच्या सकाळी समोरच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझी पणती सोलतेय." जाऊन बघितलं. पणतीच्या कडेला नखाएवढा टवका उडाला होता, आणि खळग्याच्या मधोमध साबुदाण्याएवढा पांढरा कण. नखाने टोकरला तर पीठ झालं. घरी उरलेल्या पणत्या पाहिल्या, बावीसपैकी सतरांना असेच डोळे. दोन दिवसांत काहींच्या पार खपल्या झाल्या. ज्यांना दिल्या त्यांना एकेकाला फोन करून सांगताना कान गरम झाले होते.

एक पणती रुमालात बांधून मामांकडे नेली. त्यांनी टवका बघितला आणि हसले. "चुनखडी हाय त्यात. तवाच चावून बघितली, कचकच लागली. तुमाला वाटलं म्या चव घेतोय." मी म्हटलं, मग तुमच्या भांड्यांना का नाही होत? "आमच्या आव्यात येवढं भाजत न्हाई. तुमी लई भाजलं."

घरी येऊन वाचलं तेव्हा पटलं. चुनखडीचा खडा साधारण साडेआठशे-नऊशे अंशांच्या पुढे भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. मामांचा आवा त्याच्या खालीच थांबतो, खडा तसाच झोपून राहतो. मी चौपट पैसे घालून आणलेल्या जास्तीच्या उष्णतेने त्याला जागं केलं होतं. उपाय दोन: माती पातळ करून ८० नंबरच्या चाळणीतून गाळा, आणि तरी शंका असेल तर भट्टीतून काढल्या काढल्या भांडी पाण्यात बुडवा, चुना फुगण्याआधीच विरून जातो. मी आता पणत्या ७८० वर भाजते. विजेचीही बचत.

नोव्हेंबरात उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, केली. आधार, पॅन आणि वीस-पंचवीस मिनिटं, सरकारी पोर्टलवर संपूर्ण मोफत. नेटवर शोधलं की वर वर दिसणाऱ्या हुबेहूब साइट्स हजार-दीड हजार मागतात, तिथे भरू नका. व्यवसायाच्या यादीत सिरॅमिक भांड्यांचा गट २३९३ आहे. त्याच सुमारास मामांचा पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेचा अर्ज भरायला त्यांच्याबरोबर सेवा केंद्रात गेले. कुंभारकाम त्या योजनेच्या १८ व्यवसायांत आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, पाच टक्क्यांनी पहिलं एक लाखाचं कर्ज. मी स्वतः अर्ज केला नाही, ती योजना पिढीजात कारागिरांची आहे. अडचण आली भलतीच. मामांचा अंगठा मशीनवर उठेना. पन्नास वर्षं ओल्या मातीवर घासून रेषाच गेलेल्या. एक-एक करत दहाही बोटं लावली, दोन वेळा परत आलो. तिसऱ्या खेपेला डाव्या हाताची करंगळी चालली. चाकावर तेच एक बोट बाहेर असतं.

ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेच्या लेपाचं, थोडक्यात सांगते, कारण तो वेगळा विषय आहे. चाळीस भाग फेल्डस्पार, तीस क्वार्ट्झ, वीस खडू, दहा चायना क्ले ही सगळीकडे सापडणारी कृती मी २१ डिसेंबरला कोन ६ ला भाजली (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके, इथे आकडा मोठा तितकी उष्णता जास्त) आणि भांडी पिठूळ, खरखरीत निघाली. ती कृती कोन १० ची, माझ्या भट्टीपेक्षा साठ-सत्तर अंश वरची. बोरॅक्स फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) वीस टक्के घातल्यावर काच धरली. कोन ६ म्हणजे साधारण १,२२२ अंश, तेही शेवटच्या शंभर अंशांत तासाला साठ अंश चढ ठेवला तर. नुसत्या आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक फळीवर ५, ६ आणि ७ चे कोन ठेवा. ५ झोपला, ६ वाकला, ७ उभा, की जमलं. ग्लेझची पूड कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. शिसं असलेली कुठलीही वस्तू मी खोलीत आणलेली नाही. दर नवीन ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवते, सकाळी रंग उतरलेला दिसला तर ते भांडं फक्त पेन ठेवायला.

११ जानेवारी २०२५ ला पहिली संपूर्ण भट्टी धड निघाली. दार ८० अंशांवर उघडलं. त्याआधीची १६० ला उघडली होती आणि भांडी टिणटिण वाजत तडकताना ऐकली होती.

आणि बिल. कच्च्या (ग्लेझ लावण्याआधीच्या) भाजणीला मीटरवर २९ युनिट, ग्लेझला ४३. म्हणजे तेव्हाच्या दराने अंदाजे चारशे आणि सहाशे रुपये. दोन कच्च्या, दोन ग्लेझच्या मिळून १४४ युनिट, घराचे १४०. तीनशेच्या आत महिन्याला चारच भाजण्या बसतात. उन्हाळ्यात कूलर लागला की दोन. क्लासपासून पहिल्या तीनशे किलो मातीपर्यंत सगळं धरून माझे २,७६,५१० रुपये गेले. त्यात फुटलेल्या वाट्या धरलेल्या नाहीत.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आणखी एक गंमत झाली. २६ तारखेला संध्याकाळी भट्टी १,१६८ वर अडकली. तासाला बारा अंश चढतेय, कोन ढिम्म. वायरमनला बोलावलं, त्याने मीटर लावला तर एका फेजवर १९७ व्होल्ट. दाब चौदा टक्के कमी असला तरी त्या फेजवरच्या कॉइलची ताकद सत्तावीस टक्के कमी होते, कारण ती दाबाच्या वर्गाने घटते. सगळ्या गल्लीचे कूलर-एसी चालू. मध्यरात्री बंद केली. तेव्हापासून उन्हाळ्यात ग्लेझची भट्टी रात्री दहाला सुरू करते, म्हणजे हजारच्या वरचा टप्पा पहाटे येतो. खोलीबाहेर खाट टाकून झोपते, तासाचा गजर लावून.

त्याच आठवड्यात मामा पहिल्यांदा भट्टी बघायला आले. माठांचा सीझन, तरी तासभर काढून आले. भट्टीत डोकावले, विटांवरून हात फिरवला, मग फळीवरचा निळा मग उचलून नखाने वाजवला. घंटेसारखा आवाज आला. दुसऱ्यांदा वाजवला. 

"पाणी गार होतंय का ह्यात?"

"नाही मामा. हे पाणी झिरपूच देत नाही."

"मंजे लई भाजलंय." त्यांनी मग खाली ठेवला. मी चहा आणला, त्याच मगात. दोन्ही हातांत धरून सावकाश प्याले, कान धरलाच नाही.

"चहाला बरं हाय," म्हणाले. "बूड जरा तासा. जड झालंय."